रॅम्पला कोणाचाच विरोध नव्हता

कमिटीत एकदा नाव घातलं गेलं की हातून काम किती होतं ते देव जाणे, पण किस्से मात्र न मागता जमत जातात. बँकेतून मुदतीआधी निवृत्ती घेतली तेव्हा मला वाटलं होतं, गमतीजमती संपल्या, त्या सगळ्या काउंटरच्या पलीकडेच राहिल्या. कसलं काय! सोसायटीच्या एका कमिटीत वर्षभर बसले आणि नोकरीत जेवढं हसले नव्हते तेवढं हसून घेतलं. सगळंच हसण्यासारखं नव्हतं म्हणा, पण ते ओघात येईल.

आमची सोसायटी गोरेगाव पूर्वेला, दिंडोशीत. तीन विंग आणि तिन्हींचा मिळून मोबाइलवर एक ग्रुप. त्या ग्रुपवर काय चालायचं ते तुम्हाला सांगायला नको. तुमच्याही सोसायटीचा आहेच.

एका रविवारी टाकी धुण्यासाठी पाणी बंद राहणार होतं. आमचे सेक्रेटरी सामंत, त्यांनी आदल्या दिवशी तसा मेसेज टाकला होता. पण त्याच्या वर बी विंगच्या मोडक सरांची गुलाबाची फुलं आणि खाली कुणाच्या तरी नातवाचा पहिला वाढदिवस, त्याला आलेले रांगेने केक. मेसेज कोणी वाचलाच नाही. रविवारी नऊ वाजता निम्मी सोसायटी डोक्याला साबण लावून बाथरूममध्ये उभी!

त्यात सामंतही होते. आपलाच मेसेज त्यांनाही सापडला नव्हता.

*

त्याच महिन्यात वार्षिक सभा होती. सामंत उभे राहिले. माणूस मूळचा मालवणचा, मुंबईत चाळीस वर्षं झाली, पण तापला की गाव बाहेर पडतं. म्हणाले, "हो ग्रुप आता पुरे झालो. काय तरी दुसरा शोधूया. जिथे चर्चा म्हणजे चर्चाच होईल!"

लगेच तिघांची कमिटी झाली. एक सामंत. दुसरा सी विंगचा निखिल, अंधेरीला कुठल्याशा सॉफ्टवेअर कंपनीत कामाला, वय तिशीचं, आत्मविश्वास साठीचा. आणि एक महिला पाहिजे म्हणून मी. चर्चेसाठी चांगलं ॲप कोणतं, ते एकेक वापरून बघायचं आणि सोसायटीला सांगायचं, एवढंच काम.

सभा उठणार तेवढ्यात सुलभाताई राणे उभ्या राहिल्या. ए विंगच्या तळमजल्यावर राहतात. नावाला तळमजला, पण आमची बिल्डिंग चढावर आहे, त्यामुळे दारातून अंगणात उतरायला चार पायऱ्या. त्यांचे यजमान नाना आमच्या सोसायटीचे जुने सेक्रेटरी. साखरेच्या दुखण्यात त्यांचा उजवा पाय गुडघ्याखाली काढावा लागला आणि तेव्हापासून ते व्हीलचेअरवर. हात अजून लोखंडासारखे, खुर्ची स्वतः चालवतात, पण चालवणार कुठे? हॉल ते किचन. सुलभाताईंचं म्हणणं एवढंच होतं की भिंतीच्या कडेने एक रॅम्प बांधू द्या. खर्च आमचा, गवंडी आमचा, सोसायटीने फक्त हो म्हणायचं.

"कोणाचा विरोध?" सामंतांनी विचारलं.

एकही हात वर नाही.

"मग काय घाई नाय," सामंत म्हणाले. "पुढच्या मीटिंगला घेऊ."

आमच्याकडे ही रीतच आहे. भांडणाचे विषय आधी घेतात, कारण ते घेतल्याशिवाय लोक घरी जात नाहीत. ज्यावर भांडण नाही तो विषय बिचारा ताटकळत बसतो.

दोन दिवसांनी कमिटीची पहिली बैठक. निखिल म्हणाला, "टेस्टिंगसाठी एक टॉपिक लागेल. पार्किंग नको, मारामारी होईल. कुत्र्यांचा नको, पोलीस येतील. असा टॉपिक द्या ज्यावर कोणाचंच काही म्हणणं नाही."

सामंतांनी चुटकी वाजवली. "राण्यांचो रॅम्प!"

मीसुद्धा मान डोलावली. हे लपवून काय करू? मलाही ती कल्पना झकास वाटली होती.

*

पहिलं ॲप आणलं ते फोरमसारखं. प्रत्येक विषयाला वेगळी खोली. पाण्याच्या खोलीत पाणी, लिफ्टच्या खोलीत लिफ्ट, कसं नीटनेटकं. निखिलने 'ए विंगचा रॅम्प' अशी खोली उघडली आणि आठवड्यात तिच्यात एकामागून एक 'सहमत' पडले. एक 'सहमत, पण रेलिंग स्टीलचं असावं' असाही होता.

बाकी खोल्यांची मात्र वाट लागली. मोडक सर शाळेतून सुपरवायझर म्हणून निवृत्त झालेले, शिस्तीचे. विषय वेगळा तर खोली वेगळी, हा नियम त्यांनी मनावर घेतला आणि रोज पहाटे सुप्रभातची नवी खोली उघडायला लागले. सोमवारच्या सुप्रभातात मंगळवारचं फूल त्यांनी चुकूनही टाकलं नाही! पंधरा दिवसांत पाण्याची खोली शोधायला अर्धा महिना सुप्रभात ओलांडून जावं लागायचं.

ॲप नापास झालं. त्या संध्याकाळी सुलभाताई बेसनाचे लाडू घेऊन माझ्याकडे आल्या. निखिल तिथेच होता.

"सगळ्यांनी हो म्हटलं गं मीना! मी एकेक वाचून दाखवलं ह्यांना. गवंड्याला सोमवारी बोलावलंय."

निखिलने चष्मा वर सारला. "काकू, ती टेस्ट होती."

"म्हणजे?"

"म्हणजे ॲप चालतं का ते बघत होतो. टेस्टचा डेटा खऱ्या कामात वापरत नाहीत. आमच्या फील्डमध्ये हा फार मोठा गुन्हा समजतात." आणि त्याने त्यांच्यासमोर बोटाने ती खोली पुसून टाकली. "बघा, क्लीन!"

सुलभाताईंनी लाडवांचा डबा त्याच्यापुढे सरकवला. मग म्हणाल्या, "बरं. लाडू घे तू." निखिलने दोन घेतले.

*

दुसऱ्या ॲपवर कुणाचं नावच दिसायचं नाही. निखिलचं म्हणणं, लोक शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या भिडेने खरं बोलत नाहीत. नाव झाकलं की मोकळे होतात. ॲप आपणहून प्रत्येकाला एकेका पक्ष्याचं नाव द्यायचं. सोसायटीभर नुसते पोपट, बगळे आणि खंड्या!

मोकळे झाले खरे, पण लपलं कोणीच नाही. 'वरच्यांच्या कुंड्यांचं पाणी माझ्या कपड्यांवर पडतं' असं पारव्याने लिहिलं की पारवा कोण ते शोधायला डोकं लागत नाही. कुंड्या एकाच गॅलरीत आहेत.

एके दिवशी सुतारपक्ष्याने लिहिलं, 'सेक्रेटरीला सांगून काही उपयोग नाही. स्वतःच्या किचनचा नळ सहा महिने गळतोय तो बघत नाहीत, ते सोसायटीची पाइपलाइन काय बघणार?'

सामंतांनी ते कमिटीच्या बैठकीत मोठ्याने वाचलं. एकदा वाचलं, मग मनात पुन्हा वाचलं. निखिल म्हणाला, "काका, डोन्ट टेक इट पर्सनली. कोण आहे ते कळणारच नाही आपल्याला."

"माका कळला," सामंत म्हणाले आणि पिशवी उचलून उठले. "वायसर घेऊन येतंय."

याच ॲपवर रॅम्पचं पुन्हा मतदान झालं आणि एक धक्का बसला. सगळे हो, आणि एक नाही! आम्ही तिघं हादरलोच. एका पायाच्या माणसाच्या रॅम्पला नाही म्हणणारा असा कोण दगड आपल्यात राहतो? सामंत तर लिफ्टमध्ये प्रत्येकाच्या तोंडाकडे संशयाने बघायला लागले.

आठवड्याने मी सुलभाताईंकडे विरजण मागायला गेले, तेव्हा नाना खिडकीशी बसले होते. मला म्हणाले, "तो नाही माझा होता."

"नाना! का पण?"

"अगं, मी बारा वर्षं सेक्रेटरी होतो. विरोध असला तरच विषय मीटिंगला येतो. म्हटलं, कोणी करत नाही तर आपणच करावा."

मी हे कमिटीला सांगितलं. निखिल विचारात पडला आणि म्हणाला, "म्हणजे टॉपिक कॉन्ट्रोव्हर्शियल झाला. रिझल्ट धरता येणार नाही. परत टेस्ट करावी लागेल!"

*

तिसऱ्या ॲपवर बाणांची पद्धत. मजकूर आवडला तर वरचा बाण दाबायचा, नाही आवडला तर खालचा. ज्याला जास्त बाण तो आपोआप वर चढणार. म्हणजे सोसायटीला सगळ्यात महत्त्वाचं काय वाटतं, ते उघडल्याबरोबर दिसणार.

महिनाभर पहिल्या नंबरवर एकच गोष्ट होती: 'हिरामावशी बुधवारी येणार नाहीत.' रॅम्प दुसरा.

हिरामावशी मढच्या कोळीवाड्यातल्या. आमच्याकडे कित्येक वर्षं मासळी घेऊन येतात. त्यांचीही मोबाइलवर यादी आहे. सकाळी उठून त्यात आवाजी मेसेज टाकतात: "बोंबील हाय, सुरमय हाय, कोलंबी चांगली हाय. धा वाजता गेटवर." दहा मिनिटांत सगळ्या ऑर्डरी येतात, दहा वाजता टोपली गेटवर, साडेदहाला रिकामी. ना वाद, ना फुलं, ना केक.

निखिलला ही बातमी लागली तेव्हा तो चाटच पडला. वही घेऊन गेटवर गेला. मीही पापलेटं घ्यायला तिथेच.

"मावशी, तुमच्या ग्रुपमध्ये इतकी डिसिप्लिन कशी?"

"माझे ग्रुपमदी मीच बोलतंय," मावशी कोयत्याने सुरमईचं डोकं उडवत म्हणाल्या. "तुमी फकस्त घेताव का नाय तेवढा बोला."

निखिलने लिहून घेतलं. मग मावशींनी नानांच्या खिडकीकडे बघून विचारलं, "ते नाना खाली कदी येनार? पयले येऊन कोलंबी बगून घेयाचे सोता."

निखिलने त्यांना रॅम्पचं, मतदानाचं, टेस्टचं सगळं समजावून सांगितलं. चांगली पाच मिनिटं सांगत होता. मावशींनी कोयता खाली ठेवला.

"आमच्याकडं येकजन नाय बोलला तं बोट थांबते. तुमच्यात नाय कोन बोलला?"

"तसा खरा कोणीच नाही."

"मंग थांबलाय कशाला?"

निखिलने हे मात्र लिहून घेतलं नाही.

*

चौथ्या ॲपला एक नियंत्रक लागायचा. लोक काय लिहितात त्यावर लक्ष ठेवायचं, चुकीचं असेल ते काढायचं, फारच झालं तर माणसाला काही दिवस बाहेर बसवायचं. अशा कामाला मोडक सरांशिवाय कोण? सरांना इतका आनंद झाला की त्यांनी त्या दिवशी ग्रुपवर फूलसुद्धा टाकलं नाही.

पहिल्याच दिवशी सरांनी बारा नियम जाहीर केले. विषयाला धरून लिहावे. दुसऱ्याचे बोलणे संपल्यावर लिहावे. ओरडून लिहू नये. हे शेवटचं कसं ओळखायचं असं मी विचारलं, तर "दोन उद्गारचिन्हं दिसली की ओरडला!" असं उत्तर आलं.

आठवड्यात निम्मी सोसायटी वर्गाबाहेर उभी. बी विंगचे एक गृहस्थ विषयाला सोडून लिहिलं म्हणून काढले गेले, ते इतके संतापले की खाली येऊन गरजले, "कोर्ट दहा मिनिटांवर आहे! हा चाललो!" आमच्या दिंडोशीत ही एक सोय आहे. बाकी मुंबईत लोक कोर्टाची धमकी देतात, आमच्याकडे चपला घालून निघतातच. गृहस्थ खरोखर निघाले. तासाभराने परत आले तेव्हा हातात मेथीच्या दोन जुड्या होत्या. कोर्टाचं काय झालं, ते कोणी विचारलं नाही.

रॅम्पच्या चर्चेत सगळे पुन्हा 'सहमत' लिहीत होते. सरांनी तेही काढायला सुरुवात केली. कारण विचारलं तर म्हणाले, "एकाचं बघून दुसऱ्याने लिहिलंय. प्रत्येकाने स्वतःच्या शब्दांत लिहावं."

शेवट मात्र बघण्यासारखा झाला. कोणीतरी सरांना डिवचलं, तेव्हा सरांनी रागाच्या भरात उत्तर लिहिलं: 'इथे शिस्त पाळावीच लागेल!!' पाठवल्यावर दोन उद्गारचिन्हं त्यांच्या लक्षात आली. नियम म्हणजे नियम. सरांनी स्वतःला सात दिवस बाहेर बसवलं.

नियंत्रक बाहेर, त्याला आत घ्यायचा अधिकार फक्त नियंत्रकाला. ॲप बंद करावं लागलं.

*

असं करत करत वर्ष निघालं. मध्ये दोन ॲप आणखी झाली, एक व्हिडिओचं आणि एक कसलं ते मला शेवटपर्यंत कळलं नाही. प्रत्येकावर रॅम्प मंजूर झाला आणि प्रत्येक वेळी निखिलने तो पुसला. सुलभाताईंनी लाडू आणणं बंद केलं होतं.

मग निखिलने टूम काढली की वापरणाऱ्यांच्या मुलाखती घ्यायच्या. ज्येष्ठ नागरिक माझ्याकडे. प्रश्नांचा छापील कागद घेऊन मी नानांकडे गेले.

"अक्षरं वाचता येतात का?"

"येतात."

"ॲप वापरताना काही अडचण?"

"नाही."

"काही सुधारणा हवी वाटते?"

नाना हसले. "मीना, तू खालून आलीस ना? बकुळीखालच्या बाकावर आता कोण बसतं?"

मी सांगितलं, कोणी नाही, बाकाचं एक फळकूट निघालंय. ते रोज संध्याकाळी त्या बाकावर बसायचे, मग नाक्यावर जाऊन चहा, पेपर, दोस्तमंडळी. गेटपासून नाक्यापर्यंत सपाट रस्ता आहे.

मी म्हटलं, "नाना, वॉचमन आहे, निखिल आहे, चौघं मिळून खुर्चीसकट उचलून खाली आणतील. रोज आणतील. मी सांगते त्यांना."

"सुलभापण हेच म्हणते," नाना म्हणाले. "पण चौघांनी उचलून नेण्याची एक वेळ येणारच आहे गं. तेव्हा मला नाही म्हणता येणार नाही. आत्ता येतंय तोवर म्हणतो."

माझ्या हातात तो कागद होता. पुढचा प्रश्न होता, 'एकूण अनुभवाला किती गुण द्याल?' मला स्वतःची लाज वाटली. वर्षभर आपण हसत होतो, आणि हा माणूस वर्षभर त्या खिडकीशी होता. कागदाची घडी करून मी पर्समध्ये टाकली आणि सुलभाताईंना मदत करायला किचनमध्ये गेले. त्या पोळ्या लाटत होत्या. मागे न बघता म्हणाल्या, "दुपारी झोपत नाहीत. खिडकी बंद करू देत नाहीत. मी काही बोलत नाही मीना, पण हे असं दुसरं वर्ष मला बघवणार नाही."

*

आता शेवटचं ॲप. हे निखिलला फार पसंत पडलं. सामंतांनी सही-शिक्क्याचं पत्रक काढून दारोदार वाटलं: यापुढे सोसायटीच्या नोटिसा या ॲपवर लागतील आणि त्या सर्वांना मिळाल्या असं समजण्यात येईल. लोकांनी पत्रक घेतलं, बरं म्हणाले आणि जुन्या ग्रुपवर परत गेले.

निखिलला चिंता लागली. "नोटीस टाकली तर लोक बघतात की नाही, ते टेस्ट करायला हवं."

मी नानांकडे गेले आणि हे सांगितलं, बाकी काही बोलले नाही. नानांनी खुर्ची खिडकीपासून वळवून टेबलाशी आणली. मग म्हणाले, "कागद घे. नोटीस खरी वाटली पाहिजे, नाहीतर टेस्ट कसली?"

त्यांनी सांगितलं, मी लिहिलं. विशेष सर्वसाधारण सभा. तारीख, वार, सकाळी साडेदहा. स्थळ, ए विंग, तळमजला, राणे यांचं घर. विषय एकच, ए विंगचा रॅम्प. खाली नेहमीची ओळ: कोरमअभावी सभा तहकूब झाल्यास अर्ध्या तासाने त्याच ठिकाणी घेण्यात येईल व तिला कोरमची आवश्यकता राहणार नाही. कायद्याने लागतात त्याच्या दुप्पट दिवस आधी निखिलने ती ॲपवर चढवली. चढवण्याआधी सामंतांनी ती वाचून खाली सही केली होती. "झकास ड्राफ्ट झालो हा," म्हणाले. "अगदी नानांच्या येळसारखो."

बरोबर त्या दिवशी, साडेदहाला, मी राण्यांच्या घरी गेले. नाना इस्त्रीचा शर्ट घालून टेबलाशी बसलेले. समोर सभेचे ठराव लिहायचं मिनिट्सचं पुस्तक, ते मी आदल्या दिवशीच ऑफिसातून आणलं होतं. सुलभाताई, नाना आणि मी. दार सताड उघडं.

नानांनी घड्याळ बघितलं. "कोरम नाही. सभा तहकूब."

आता आमच्या सोसायटीत साडेदहाची सभा म्हणजे लोक अकराला येतात, हे बारशापासून ठरलेलं. कोरमची कटकट नको म्हणून सगळे तहकूब सभेलाच हजर राहतात. त्यामुळे तो अर्धा तास मी नुसती दाराकडे बघत होते. चारचौघं आले की विषय पुन्हा पुढच्या मीटिंगला! जिन्यात पावलं वाजली. इस्त्रीवाला होता. परत वाजली. मोडक सर, वर कुणाकडे तरी आले होते! दारावरून जाताना आत डोकावून, "काय, चहापाणी वाटतं?" म्हणाले आणि भाजी आणायला गेले. सुलभाताईंनी चहा केला होता, पण तिघांचेही कप तसेच राहिले.

अकरा वाजले.

"अध्यक्ष निवडा," नाना म्हणाले.

"मी तुमचं नाव सुचवते," सुलभाताई म्हणाल्या. लग्नाला पन्नास वर्षं होत आलेली, पण हे म्हणायला त्या पदर सावरून उभ्या राहिल्या.

"माझं अनुमोदन," मी म्हटलं.

नानांनी ठराव सांगितला, मी लिहिला. "विरोध कोणाचा?" त्यांनी तिन्ही भिंतींकडे बघून विचारलं. मग म्हणाले, "लिही. एकमताने मंजूर."

गवंडी दुसऱ्या दिवशी आला. सामंत तेव्हा गावी गेले होते. परत आले तेव्हा भिंतीच्या कडेने उतार तयार, सिमेंटवर पाणी मारून झालेलं, रेलिंगही लागलेलं. स्टीलचं. सामंत पिशव्या हातात घेऊनच ओरडले, "ह्या कोणाक इचारून केलात?"

नाना दारात खुर्चीवर होते. मिनिट्सचं पुस्तक त्यांनी पुढे केलं. सामंतांनी पिशव्या खाली ठेवून वाचलं. आवाजाने निखिल आला, मोडक सर आले, बाकी पाचसात जण जमले.

"अहो, पण ती टेस्ट होती!" सामंत म्हणाले.

"नोटीस होती ती," नाना म्हणाले. "खाली सही कोणाची आहे बघा."

सामंतांनी निखिलकडे बघितलं. निखिलने फोनवर ती नोटीस उघडून पुढे धरली. सामंतांनी आपलीच सही एकदा वाचली, पुन्हा वाचली. शेवटी पुस्तक मिटून बगलेत मारलं आणि आपल्या गावच्या पिशव्या उतारावरून बाजूला सरकवल्या.

नानांनी चाकांवर हात ठेवले. खुर्ची उताराला लागली. कोणी धरायला पुढे गेलं नाही. खाली येऊन त्यांनी वळण घेतलं आणि गेटकडे निघाले.

सुलभाताई दारात आल्या. हात पिठाचे. "अहो, जेवायला थांबू का?"

नाना गेटपर्यंत पोचले होते. मागे न बघताच त्यांनी हात वर केला.

"थांबू नकोस!"